कमॅरोवाल्याच्या फलकावर मस्टँग

भागवतदादा,

तुझ्या श्रद्धांजलीच्या फलकावर मस्टँग छापली आहे. लालभडक गाडी, नाकावर पळता घोडा, चाकांतून ज्वाळा निघणारी. तिच्या टपावर तुझा फोटो, कोणाच्या तरी लग्नातला, कोणाचा तरी गॉगल घातलेला. वर मोठ्या अक्षरांत 'वेगाचा बादशहा हरपला'. खाली शोकाकुल मित्रमंडळ म्हणून एकोणीस डोकी. त्यातल्या एकाने फोटोत मोबाइल कानाला लावला आहे. तुझ्या मरणाच्या फलकावरही त्याचं बोलणं चालूच आहे.

गावच्या चौकात, चहाच्या टपरीसमोरच तो टांगला आहे. मी रोज तिथून जातो आणि मला किळस येते. तू असतास तर मान वाकडी करून बघितलं असतंस आणि म्हणाला असतास, "मेल्यावर तरी घोड्यावरून उतरवा रे मला." कारण मस्टँगवाला मी. तू कमॅरोवाला.

किळस हा शब्द लिहून मी थांबलो होतो. आपल्या माणसाच्या आठवणीत असा शब्द लिहावा का, मला कळत नाही. पण तू गेल्यापासून दुसरं काही नीट वाटतच नाही. रडूसुद्धा तिच्या मागे रांगेत उभं आहे.

आपलं वेड परक्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. अंबड तालुक्यातल्या एका गावातले दोघे. एक जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलमध्ये चिमट्याने तापलेल्या लाल सळया वळवणारा. दुसरा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. दोघांत मिळून एक मोटारसायकल, तीही तुझी. आणि भांडण कशावरून, तर अमेरिकेतल्या तीन गाड्यांत भारी कोणती: मस्टँग, कमॅरो की चॅलेंजर. तिघींपैकी एकही आपण डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. मस्टँग आपल्या देशात काही वर्षं विकायला होती म्हणे, पण जालन्याच्या रस्त्यावर ती कशाला येईल. तू म्हणायचास, "न्हाई आली तेच बराबर हाय. जुन्या जालन्यात शिरली असती तर हमालानं तिच्यावर गव्हाची पोती रचली असती."

मोबाइलचा आवाज पुरायचा नाही म्हणून तू तो स्टीलच्या पातेल्यात ठेवायचास. मग तुमच्या ओट्यावर बसून आपण इंजिनं ऐकायचो. चॅलेंजरची ती सुपरचार्जरवाली ऐकताना तू डोळे मिटायचास. "ही गाडी न्हाई, पिठाची गिरणी हाय. ऐक, पट्टा फिरून राह्यला." एकदा तुझी आई, काकू, आतून ओरडली, "भागवत, त्या पातेल्यात दूध तापवायचंय मला. तुझी अमेरिका काढ बाहेर."

व्हिडिओतली इंग्रजी मी मराठीत सांगायचो. अर्धी मला कळायची नाही, तेव्हा मी ठोकून द्यायचो आणि तू मला बरोबर पकडायचास. "मास्तर, तो माणूस एवढा वेळ बोलला आन् तू दोनच शब्द सांगितले. बाकीचे काय खाल्ले का?" तुझ्यामुळे मी शब्द शोधायला लागलो. टॉर्क आणि हॉर्सपॉवरमधला फरक मला कॉलेजच्या पुस्तकातून समजला नव्हता. तू सांगितलास. "चिखलात रुतलेली गाडी बैल ओढून काढतो ना, ते टॉर्क. शंकरपटाच्या शर्यतीत पळतो ते हॉर्सपॉवर. बैल तोच, कामं दोन." पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत मी हेच उत्तर दिलं. सर हसले आणि म्हणाले, बरोबर आहे. तुला हे सांगितल्यावर तू अख्ख्या शिफ्टला सांगितलंस, की मास्तर माझ्या उत्तरावर पास झाला. ते खरंच होतं. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नव्हते. आपल्याकडे कोण मानतं?

बियाण्याच्या कंपनीने फुकट दिलेल्या डायरीत तू तक्ता आखला होतास. पिकअप, आवाज, रूप, वळण. प्रत्येकाला दहापैकी गुण. मस्टँगच्या रूपाला मी दहा दिले. तिच्या मागच्या दिव्यांच्या तीन उभ्या पट्ट्या, लांब बॉनेट, पुढे पळता घोडा. तू सहा दिलेस. "नवरदेवाची घोडी हाय ती. सजवलेली. वळणावर घेऊन बघ मंग." कमॅरो वळणाला चिकटून जाते, अंगाने हलकी आहे, बसल्या मांजरासारखी आहे, हे तुझं म्हणणं. मी म्हणायचो, तिच्या खिडक्या म्हणजे पोस्टाच्या पेटीची फट, आत बसलेल्याला बाहेरचं काही दिसत नाही. तू यावर चिडायचास, कारण ते खरं होतं.

चॅलेंजरवर मात्र आपलं एकमत. सरळ रस्त्यावर तिच्यापुढे कोणी नाही आणि वळणावर ती म्हैस. ती आपल्या गल्लीतून जाईल का, हे बघायला आपण टेप घेऊन मारुतीच्या ओट्यापासून नानांच्या भिंतीपर्यंत मोजलं होतं. नाना काठी टेकत बाहेर आले.

"रस्ता रुंद करायलेत का रे?"

"न्हाई नाना, अमेरिकेहून गाडी येऊन राह्यली."

"कोणाच्या लग्नाची?"

"मास्तरच्या."

"मंग भिंतीला हात लावायचा न्हाई. वऱ्हाड पायी आणा म्हणावं."

आरसे मिटवले तर चार बोटं जागा उरत होती. तू ते डायरीत लिहिलंस.

पाचवा रकाना तू नंतर वाढवलास. ब्रेक. मी खूप हसलो होतो. असल्या दांडग्या इंजिनाच्या मसल कारमध्ये ब्रेक कोण बघतो दादा? लोक पळणं बघतात. तू मिलमधलं सांगितलंस. एकदा लाल सळई साच्यातून निसटून सापासारखी वर उसळली होती आणि तुझ्या शेजारच्या माणसाची बाही जळाली होती. "सळई पळती ते सगळ्यांना दिसतं. थांबवणारा कोणाला दिसत न्हाई. गाडी किती पळती ते कोणी बी सांगंल. किती फुटांत थांबती ते सांग." कमॅरोला तू ब्रेकचे नऊ दिलेस. मस्टँगचे गुण मी भरायचे होते. मी हट्टाने भरले नाहीत. तो रकाना रिकामाच होता.

असा माणूस तू. चाळीसच्या वर कधी न जाणारा. हेल्मेट घालायचास म्हणून टपरीवरची पोरं तुला अंतराळवीर म्हणायची. कामाला जाताना मला कॉलेजच्या फाट्यावर सोडायचास आणि तुझ्यामुळे माझा पहिला तास बुडायचा. मी मागून कुरकुरायचो, "दादा, बैलगाडी पुढं गेली." तू म्हणायचास, "जाऊ दे. तिला बी कॉलेज असंल."

आता त्या दिवसाचं. इतकं लिहूनही मी ते टाळतोच आहे.

मी कॉलेजला गेलो नव्हतो. आमचं सोयाबीन निघालं होतं. सगळेच वाळवतात तसं आम्हीही डांबरी रस्त्यावर वाळत घातलं होतं, अर्धा रस्ता अडवून. गाड्या दाण्यांवरून जाऊ नयेत म्हणून कडेने दगड लावतात. ते दगड मी मांडले. विहिरीतून निघालेले काळे दगड, ओळीने. संध्याकाळी पोती भरून झाली. मी दगड उचलायला वाकलो तर अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. उद्या पुन्हा मांडायचेच हायेत." मी सरळ झालो. मला कंटाळाही आला होता. मी ते बापाच्या नावावर ढकलणार नाही, मला खरंच कंटाळा आला होता.

दिवस मावळला होता. काळा दगड आणि काळं डांबर वेगळं दिसत नव्हतं. तुझी गाडी बाभळीपाशी वळली, तिचा आवाज मी ओळखला आणि वर बघून हातही केला. तू रस्त्याच्या तुझ्या डाव्या बाजूने येत होतास, दगड त्याच बाजूला होते. गाडीचं पुढचं चाक दगडावर चढलं, तू उडालास आणि पुढच्या दगडावर छातीवर पडलास. डोक्यावर हेल्मेट होतं. डोक्याला काही झालं नव्हतं.

मी तुझ्याकडे धावलो. तुझं डोकं मांडीवर घेतलं. अण्णा पण धावत आले, पण तुझ्याकडे नाही. ते आधी दगडांकडे गेले. एकेक दगड उचलून त्यांनी बांधापलीकडे टाकला. मी हाका मारत होतो, "अण्णा, गाडी बोलवा." त्यांनी शेवटचा दगड टाकला, हात धोतराला पुसले आणि मग आले. तुझ्या नाकाशी बोट धरलं. मग तेच रडले. खोटं रडले नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. तू लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून यात्रेला जायचास. पण आधी दगड, मग तू. तो क्रम माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

लोक जमले. कोणीतरी विचारलं, "कसं झालं?" अण्णा म्हणाले, "सुसाट आल्ता."

त्या एका शब्दाचा प्रवास मी पाहिला आहे दादा. जीपमधून तुला नेलं आणि अंबडपर्यंतही तू टिकला नाहीस. आम्ही परत येईस्तोवर तो शब्द टपरीवर पोचला होता. सकाळी त्याला आकडा चिकटला. कोणी म्हणालं शंभरवर काटा होता. दुपारी एकाने तुझ्या फोटोला कुठल्यातरी गाडीच्या इंजिनाचा आवाज लावून रील टाकली. तीन दिवसांत तुझा वेग एवढा वाढला, की तू हयातीत कधी गेला नव्हतास तेवढ्या वेगाने गावाने तुला पळवलं. ज्यांनी तुला अंतराळवीर म्हणून चिडवलं तेच आता सांगत होते, "आम्ही समजावलं होतं त्याला, पण गाड्यांचं येड."

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर काकूने मला जवळ बोलावलं. घर बायांनी भरलेलं. अण्णा दारात बसलेले. ती म्हणाली, "बाळा, तू तर रोज त्याच्या मागं बसायचास. पळवायचा का रे तो?"

मी म्हणालो, "तरणं माणूस, काकू. कधीमधी..."

तेवढं पुरलं. तिने मान खाली घातली. अण्णांनी दारातून माझ्याकडे पाहिलं आणि त्या नजरेत शाबासकी होती. मला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हाही त्यांनी तसंच पाहिलं होतं. मला त्या नजरेची किळस आली आणि ती मला हवीहवीशीही वाटली. त्याची जास्त किळस आली.

फलकाचं तर मी सांगितलंच नाही. गावात शिकलेला म्हणून छापण्याआधी तो माझ्याकडेच तपासायला आला. मोबाइलवर चित्र आलं, "मास्तर, बघ बरं, काही चुकलं का." मी एकोणीस नावं तपासली. तुझं वय तपासलं. मस्टँग मला दिसली. तू कमॅरोवाला, हे गावात मला एकट्यालाच माहीत होतं. 'वेगाचा बादशहा' हेही दिसलं. मी विचार केला, हे छापलं गेलं की मग कोणी दगडांचं विचारणार नाही. मी उत्तर पाठवलं, "बरोबर आहे." ती मस्टँग तुझ्यावर मी चढवली आहे. आपलं भांडण मी असं जिंकलो.

तेराव्याला जेवणं झाली. एक वडीलधारे पान लावता लावता म्हणाले, की या परदेशी गाड्यांनी पोरं नासवली, ती डायरी जाळून टाका. काकू उठली. मला वाटलं, ती खरंच जाळायला घेऊन येते. तिने डायरी आणली आणि माझ्या हातात दिली. "ह्याच्यात तुझं बी अक्षर हाय. ने."

घरी येऊन मी उघडली. तक्त्यात तीन गाड्यांच्या खाली चौथी ओळ होती. ती मी कधी पाहिली नव्हती. तू तुझी मोटारसायकल लिहिली होतीस. पिकअप दोन. आवाज तीन. रूप चार, त्यावर काट मारून तीन. वळण आठ. ब्रेक दहा. पुढे समासात बारीक अक्षरात: "चाळीस. मागं मास्तर बसतो."

मी डायरी मिटली नाही. आई जेवायला बोलवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूकडे गेलो. ती एकटी होती, अंगण झाडत होती. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. दगड आमचे होते. मी मांडले होते, संध्याकाळी उचलले नाहीत. अण्णांनी नंतर टाकून दिले. दादा सुसाट नव्हता. त्या दिवशी मी खोटं बोललो.

तिच्या हातातला झाडू थांबला.

"चाळीसच्या वर न्हवता ना?"

"न्हाई काकू. कधीच न्हवता."

"हां," ती म्हणाली. मग म्हणाली, "चहा घेतलास का?"

मी नाही म्हणालो. ती आत जायला वळली आणि उंबऱ्यातच थांबली. "आज नको. आज जा तू. पुन्हा ये. पण आज माझ्या डोळ्यापुढं नको ऱ्हाऊ."

"काकू, तो फलक..."

"काढ त्यो. माझ्या लेकराला तसला चष्मा न्हवता."

मी तसाच चौकात गेलो, टपरीवाल्याकडून सुरी घेतली आणि शिडी लावली. मंडळाची पोरं धावत आली. "कोणाला इचारून?" मी म्हणालो, "त्याच्या आईला." ते मागे सरले, पण एक जण म्हणाला, "निदान आमचे फोटो तरी ऱ्हाऊ दे खालचे." तो चेष्टा करत नव्हता.

अण्णा टपरीवर बसले होते. मी दोर कापला. फलक खाली आला तशी तुझी लाल मस्टँग माझ्या अंगावर पडली. अण्णा उठून आले. मला वाटलं, मारतील. त्यांना कळलं असणार मी कुठून आलो ते. गावात काय लपतं? त्यांनी फलकाचं एक टोक हातात घेतलं, दोन बोटांत चोळून बघितलं आणि हळूच म्हणाले, "फाडू नको. जाड हाय चांगला. वाळवणाला होईल."

मी टपरीमागे जाऊन ओकलो, दादा. मला शिकवणारा, माझ्यासाठी राबणारा तो माणूस आहे आणि मला त्यांच्या हाताकडे बघवत नव्हतं. तेच हात मलाही आहेत. मी तोंड धुतलं, परत आलो आणि फलकाची घडी घातली, तुझं तोंड आत ठेवून. तो आता डायरीसोबत माझ्या पेटीत आहे. त्याच्यावर दाणा वाळणार नाही.

मस्टँगच्या ब्रेकचा रकाना मी भरला. सहा. त्याहून जास्त देण्यासारखं मला काही सापडलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधलंही नाही. बेरजेत कमॅरो पुढे गेली. खिडक्यांचं मात्र मी मागे घेणार नाही. त्यावर आपण भांडलो असतो. अजून पुष्कळ वर्षं भांडलो असतो.

आमच्यानंतर नानांचं सोयाबीन निघालं. काल दिवेलागणीला मी कॉलेजातून चालत येत होतो. आता मला मागे बसवायला कोणी नाही, गावच्या फाट्यावरून चालतच येतो. बाभळीच्या वळणावर, त्याच जागी, दाणे गोळा करून झालेले आणि दगड तसेच ओळीने पडलेले. मी दप्तर खाली ठेवलं आणि दगड उचलून चरात टाकायला लागलो. नाना बांधावरून ओरडले.

"अरे, माझे दगड कामून फेकायलास? उद्या लागतेत मला."

"गाडी चढंल कोणाची, नाना."

"कोणाची चढत न्हाई. नीट चालवणाऱ्याला दिसतेत. भागवतचं येगळं. त्यो सुसाट आल्ता."

माझ्या हातात दगड होता. तो मी खाली ठेवला नाही.

"सुसाट नव्हता, नाना. चाळीसवर होता. आमचे दगड होते. मी मांडले होते."

नानांनी आजूबाजूला पाहिलं. आमच्या शेतात बैल सोडत अण्णा उभे होते, हाकेच्या अंतरावर. नाना माझ्या जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हळू बोल, पोरा. तुझा बाप ऐकंल."

मग मी तेच पुन्हा बोललो, अण्णांकडे तोंड करून, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.